‘छान आहे’ म्हणजे काय?

माझ्या एका शिक्षक स्नेह्यांनी दिवाळीच्या सुटीत स्वतःचे संकेतस्थळ तयार केले. ते माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतात. संगणकाचे रीतसर शिक्षण त्यांनी घेतलेले नाही. एचटीएमएल आणि सीएसएस या दोन्ही गोष्टी ते पुस्तक वाचून आणि इतरांची पाने उघडून बघत शिकले. संकेतस्थळाचे तीन विभाग होते: शाळेच्या गच्चीवरील पर्जन्यमापकाच्या चार वर्षांच्या रोजच्या नोंदी, त्या त्या महिन्यात संध्याकाळच्या आकाशात काय दिसेल याचे टिपण, आणि घरातल्या वस्तूंतून करता येणारे काही प्रयोग. सारा मजकूर त्यांचा स्वतःचा होता. एकही प्रयोग त्यांनी करून पाहिल्याशिवाय लिहिलेला नव्हता.

त्यांनी आम्हा दहा-बारा परिचितांना दुवा पाठवला आणि विचारले, “कसं वाटलं ते मोकळेपणानं सांगा.” आम्ही सर्वांनी कळवले, “छान आहे.” मी त्यात “मांडणी आकर्षक” एवढी भर घातली. खरे सांगायचे तर मी पहिले पान वरून खाली एकदा पाहिले होते, इतकेच.

तीन महिन्यांनी ते भेटले तेव्हा म्हणाले, “मुलं एकदा उघडतात, परत येत नाहीत. काल पाऊस किती झाला ते अजून मलाच येऊन विचारतात. सगळ्यांना आवडलं, मग वापरत का नाहीत?” बोलता बोलता त्यांनी असेही सुचवले की पुढच्या वर्षी संकेतस्थळ बंद करावे, मुलांना अशा गोष्टींत रस नसतो हेच यावरून दिसते.

निष्कर्ष चुकीचा होता, पण तो काढायला आम्हीच त्यांना भाग पाडले होते. मांडणी उत्तम असल्याची ग्वाही दहा-बारा जाणत्या माणसांनी दिल्यावर दोष मुलांच्या माथी जाणार हे ओघानेच आले. म्हणून या लेखात परीक्षण करायचे आहे ते त्यांच्या संकेतस्थळाचे, आणि त्याहून अधिक आमच्या अभिप्रायाचे. हौशी माणसाच्या कामावर अभिप्राय मागण्याची आणि देण्याची एक पद्धत असते, तिला थोडेफार शास्त्र आहे, आणि त्या शास्त्राला मर्यादाही आहेत.

मताला विचारू नये, हाताला विचारावे

आपल्याला एखादी गोष्ट का आवडली हे आपण खात्रीने सांगतो. पण ती खात्री किती भरवशाची असते? अमेरिकेतील रिचर्ड निस्बेट आणि टिमोथी विल्सन या मानसशास्त्रज्ञांनी १९७७ साली एक गमतीदार प्रयोग प्रसिद्ध केला. दुकानात त्यांनी पायमोज्यांच्या चार जोड्या ओळीने मांडल्या आणि येणाऱ्या गिऱ्हाइकांना त्यांतली सर्वांत उत्तम जोडी निवडायला सांगितले. चारही जोड्या अगदी एकसारख्या होत्या. तरीही सर्वांत उजवीकडची जोडी सर्वाधिक लोकांनी निवडली. कारण विचारल्यावर लोकांनी वीण, पोत, तलमपणा अशी कारणे सांगितली. जागेचा काही परिणाम झाला असेल का, असे विचारता जवळपास सर्वांनी ते नाकारले.

यावरून माणसे खोटे बोलतात असे समजण्याचे कारण नाही. विचारले की ती उत्तर देतात आणि ते उत्तर त्यांना स्वतःला खरेच वाटत असते. म्हणून संगणकाच्या पडद्यावरील मांडणी तपासणाऱ्या तज्ज्ञांनी १९८० च्या दशकातच वेगळी वाट धरली. वापरणाऱ्याला मत विचारायचे नाही, एक काम द्यायचे. ते करताना मनात जे येईल ते मोठ्याने बोलत राहायला सांगायचे आणि आपण शेजारी गप्प बसून पाहायचे. प्रयोगशाळेत विद्यार्थी जोडणी करत असताना चांगला शिक्षक मागे हात बांधून उभा राहतो, तसेच हे.

आम्ही हाच मार्ग धरला. पाच जणांना एकेकटे बोलावले: नववीतील एक मुलगी, सातवीतील एक मुलगा, त्या मुलीची आई, भूगोलाचे एक शिक्षक आणि शेजारचे एक निवृत्त पोस्टमन. साधन प्रत्येकाने रोजच्या वापरातले घ्यायचे. म्हणजे चौघांच्या हाती मोबाईल आणि एकासमोर शाळेतला संगणक. काम एकच: “गेल्या जुलै महिन्यात आपल्या गावी सर्वांत जास्त पाऊस कोणत्या तारखेला पडला ते शोधा.” स्नेह्यांना एकच अट घातली होती, ती म्हणजे काहीही झाले तरी बोलायचे नाही. ती पाळताना त्यांची जी घालमेल झाली ती मी पाहिली आहे.

नववीतील मुलगी आधी बसली. पहिल्या पानावर तीन मोठी चित्रे होती आणि त्यांखाली तीन नावे: ‘मेघमाला’, ‘नभांगण’ आणि ‘करामत’. तिने वरपासून खालपर्यंत पान दोनदा सरकवले. मग ‘नभांगण’ उघडले, कारण पाऊस आकाशातून पडतो. तिथे पाऊस नव्हता. परत आली. ‘करामत’ उघडले. पुन्हा परत. चार मिनिटांनी तिला ‘मेघमाला’ सापडली. आत जुलैचा तक्ता होता, पण मोबाईलच्या पडद्यावर तो मावत नव्हता. पावसाचा आकडा दिसावा म्हणून ती तक्ता बाजूला सरकवायची, तो तारखेचा रकाना पडद्याबाहेर जायचा. शेवटी तिने चुकीची तारीख सांगितली.

मग स्नेह्यांनी न राहवून विचारले, “कसं आहे?” ती म्हणाली, “छान आहे सर. मलाच नीट शोधता येत नाही.”

तो क्षण आम्हा दोघांनाही लागला. काम झाले नव्हते, उत्तर चुकले होते, आणि तरी अभिप्राय होता ‘छान आहे’. शिवाय दोष तिने स्वतःकडे घेतला. वर्गात फळ्यावरचे अक्षर वाचता आले नाही तर मूल मान खाली घालते. अक्षर किरटे आहे असे म्हणत नाही. गुरुजींनी केलेली वस्तू असेल तर ती वाईट आहे हे सांगण्याची सोयच मुलाकडे नसते. आम्हा दहा-बारा जणांना ती सोय होती, आणि आम्ही ती वापरली नव्हती.

पाचच का?

पाच हा आकडा आम्ही मनाने ठरवला नव्हता. याकोब नील्सन हे डेन्मार्कमध्ये जन्मलेले, अमेरिकेत काम केलेले या विषयातील फार वाचले गेलेले लेखक. १९९३ साली त्यांनी आणि थॉमस लँडॉवर यांनी अनेक प्रकल्पांतील चाचण्यांची आकडेवारी तपासून एक सूत्र मांडले. त्यांच्या आकडेवारीत एका वापरकर्त्याकडून मांडणीतील सरासरी ३१ टक्के दोष उघड होत होते. दुसऱ्याकडून काही नवे, काही तेच. असे धरले तर प्रत्येक जणानंतर न सापडलेले दोष आधीच्या ०.६९ पट उरतात. वर्गात फळ्यावर करून पाहता येईल असे हे गणित आहे. एकानंतर ३१ टक्के सापडले, दोघांनंतर ५२, तिघांनंतर ६७, चौघांनंतर ७७ आणि पाचांनंतर ८४. सहाव्यापासून प्रत्येक नव्या माणसामागे मिळकत घटत जाते. २००० साली नील्सन यांनी याच आधारावर सांगितले की चाचणीला पाच माणसे पुरेत. पंधरा जण मिळत असतील तर एकदम बसवू नयेत. पाच-पाचांच्या तीन फेऱ्या कराव्यात आणि दर फेरीनंतर दुरुस्ती करावी.

हौशी माणसाला हा सल्ला वरदान वाटावा असाच आहे. पैसे नाहीत, प्रयोगशाळा नाही, पण पाच माणसे कोणत्याही गावात मिळतात.

मात्र हा आकडा डोळे मिटून घेण्यासारखा नाही. २००१ साली जॅरेड स्पूल आणि विल श्रोडर यांनी चार विक्री-संकेतस्थळांची ४९ जणांकडून चाचणी करून घेतली. पहिल्या पाचांकडून त्यांना केवळ ३५ टक्के दोष मिळाले. २००३ साली लॉरा फॉकनर यांनी ६० जणांची चाचणी घेऊन त्यांतून चिठ्ठ्या टाकाव्यात तसे पाच-पाचांचे गट काढले. काही गटांनी ९९ टक्के दोष पकडले, तर काहींनी अवघे ५५. वीसच्या गटांत मात्र सर्वांत दुबळ्या गटानेही ९५ टक्के पकडले.

मग कोणाचे खरे मानायचे? यात विरोध दिसतो तेवढा नाही. ३१ टक्के ही सरासरी आहे, निसर्गनियम नाही. काम साधे आणि एकच असेल तर सगळे जण त्याच दगडाला ठेचकाळतात, आणि पाच पुरतात. संकेतस्थळ मोठे असेल व प्रत्येकाचे काम वेगळे असेल, तर एका माणसाकडून ३१ टक्के दोष उघडे पडतच नाहीत. ३१ च्या जागी १० घालून पाहा: पाच जणांनंतर जेमतेम ४१ टक्के होतात. सूत्र चुकलेले नाही, त्यात घातलेला आकडा बदलला आहे. शिवाय न सापडलेले दोष मोजणार कसे, हा प्रश्न उरतोच. एकूण किती दोष आहेत हे कोणालाच आधी ठाऊक नसते. म्हणून ‘पाच जणांनी पाहिले, आता ८४ टक्के दोष संपले’ असे म्हणणे हे सूत्राचा गैरवापर करणे होय. पाच जणांनी ज्या दगडाला ठेच खाल्ली तो दगड तिथे आहे, एवढेच खात्रीने सांगता येते. पण हौशी माणसाच्या पहिल्या चाचणीत तेवढेही पुष्कळ असते.

आमच्या पाचांत चार जण ‘मेघमाला’ या नावापाशी अडले. भूगोलाच्या शिक्षकांना नाव आवडले, पण आत पावसाच्या नोंदी असतील असे त्यांनाही वाटले नाही. ढगांची छायाचित्रे असावीत असा त्यांचा कयास होता. ज्यांच्या हाती मोबाईल होता त्या चौघांनाही तक्त्याने छळले. संगणकावर काम करणाऱ्या एकट्या शिक्षकांना तक्ता अख्खा दिसला. स्नेह्यांनी संकेतस्थळ संगणकावरच बनवले होते, त्यामुळे तो कधी तुटतो हे त्यांना दिसलेच नव्हते.

देवनागरीची अडचण

एक दोष असा निघाला की तो इंग्रजी पुस्तकातल्या यादीत सापडायचा नाही. निवृत्त पोस्टमनकाकांनी आयुष्यभर पत्ते वाचले होते, नाना तऱ्हेची हस्ताक्षरे लावली होती. ते मथळ्यापाशी थांबले आणि एकेक अक्षर सुटे वाचू लागले. कारण पाहिले तर मथळ्याच्या अक्षरांत मुद्दाम अंतर सोडले होते. रोमन लिपीत मथळा असा विरळ केला तर तो भारदस्त दिसतो. देवनागरीत शिरोरेषा तुटते, आणि शब्द एक आहे हे सांगणारी खूणच नाहीशी होते. तयार नमुना इंग्रजीसाठी बनवलेला होता. त्यातील ती एक ओळ तशीच राहून गेली होती. याच कारणाने ओळींमधील अंतरही अपुरे पडत होते. वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या एकमेकींत शिरत होत्या.

मराठीतील संकेतस्थळांच्या वाटेत अक्षरांचे विघ्न जुनेच आहे. भारतात सर्वसामान्यांना इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ पासून मिळू लागले. त्यानंतर कित्येक वर्षे मराठी पाने अशा फॉन्टमध्ये लिहिली जात, की तो फॉन्ट वाचणाऱ्याच्या संगणकात नसेल तर मराठीच्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसे. युनिकोडच्या १९९१ मधील पहिल्याच आवृत्तीत देवनागरी होती, परंतु विंडोज २००० बरोबर मंगल हा फॉन्ट आला आणि त्यानंतर हळूहळू ही अडचण सरली. आज मुक्त सारखे मुंबईत घडलेले चांगले देवनागरी फॉन्ट विनामूल्य मिळतात. पानाच्या आरंभी भाषा मराठी असल्याची नोंद केली, तर ज्या फॉन्टमध्ये सोय आहे तो ‘ल’ आणि ‘श’ ही अक्षरे मराठी वळणाने दाखवतो, नाहीतर हिंदी वळणाने. ही एका शब्दाची दुरुस्ती आहे, पण अक्षरे गिरवणाऱ्या मुलांसाठी पान असेल तर ती करायलाच हवी.

तारे ठेवावेत की काढावेत?

आता मी स्वतः काढलेल्या दोषाकडे वळतो. संकेतस्थळाच्या सर्व पानांमागे काळे आकाश आणि त्यावर विखुरलेले तारे होते, आणि मजकूर पिवळ्या अक्षरांत. मला हे प्रथमपासून खटकले होते. जुन्या काळची हौशी पाने अशीच असत, असे मी मनात म्हटले होते. सांगितले मात्र नव्हते.

ती जुनी पाने आठवण्यासारखी आहेत. १९९४ साली अमेरिकेत सुरू झालेल्या जिओसिटीज या सेवेने कोणालाही विनामूल्य पान बांधायला जागा दिली. तिथे आळ्या होत्या. विज्ञानप्रेमींची आळी ‘केप कॅनव्हेरल’, शिक्षण व तत्त्वज्ञानाची ‘अथेन्स’. लोकांनी ताऱ्यांची पार्श्वभूमी लावली, ‘काम चालू आहे’ अशा फिरत्या पाट्या लावल्या, भेटी मोजणारे आकडे लावले, उघडताच वाजणारे संगीत लावले. नील्सन यांनी १९९६ साली मांडणीतील दहा मोठ्या चुकांची यादी प्रसिद्ध केली, तीत सरकता मजकूर आणि सतत हलणारी चित्रे होती, दुव्यांचे नेहमीचे रंग बदलणे होते, शिळी माहिती होती, आणि पान उघडायला लागणारा वेळ होता. ही टीका बहुतांशी रास्त होती. त्या काळच्या मंद जोडणीवर प्रत्येक चित्रासाठी वाचणाऱ्याला ताटकळावे लागे.

पण त्याच यादीत एक चूक अशी होती: लांबलचक, खाली सरकवावी लागणारी पाने. कारण १९९४-९५ च्या सुमारास बहुतेक लोक पडद्यावर जेवढे दिसे तेवढेच पाहत. १९९७ च्या अखेरीस नील्सन यांनी स्वतःच लिहिले की लोकांना आता सरकवण्याची सवय झाली आहे, आणि हा आक्षेप सौम्य केला. आज तर अंगठ्याने पान सरकवणे हीच मुख्य हालचाल झाली आहे. टीकाकाराने पुराव्यापुढे मत बदलावे, याचे हे चांगले उदाहरण आहे. त्याबरोबरच, अशा याद्यांतील काही नियम माणसाच्या डोळ्यांबद्दल असतात आणि काही त्या वर्षीच्या सवयींबद्दल, हेही त्यावरून ध्यानात येते. पहिले टिकतात, दुसरे शिळे होतात.

नील्सन यांचे स्वतःचे संकेतस्थळ अनेक वर्षे जवळजवळ चित्रविरहित होते. पान लवकर उघडावे आणि आपण दृश्यकलेतले जाणकार नाही, अशी दोन कारणे त्यांनी तिथेच दिली होती. ते रूक्ष दिसते म्हणून त्यांच्यावरही टीका झाली. मला यात प्रामाणिकपणा दिसतो, पण एक उणीवही दिसते. काम किती लवकर झाले हे मोजणाऱ्या चाचणीत, पान बनवणाऱ्याला त्यात काय आनंद मिळाला आणि पाहणाऱ्याला माणसाच्या हाताची खूण दिसली की नाही, याचा रकानाच नसतो.

तो रकाना ओलिया लियालिना या कलावतीने भरला. २००५ साली तिने या हौशी पानांवर निबंध लिहून सांगितले की ही वेबची बोलीभाषा होती. व्यावसायिक आरेखनकारांनी नंतर तिची टिंगल केली, पण वेब कसे वाढले ते समजायचे तर तीच पाहावी लागते. याहू कंपनीने जिओसिटीज १९९९ साली विकत घेतली होती आणि ऑक्टोबर २००९ मध्ये बंद केली. स्वयंसेवकांनी जेवढी पाने वाचवली त्यांचे लियालिना आणि ड्रागान एस्पेनशीड यांनी पुढे अनेक वर्षे जतन व अभ्यास केला.

हे वाचल्यावर मी माझा ताऱ्यांवरचा आक्षेप पुन्हा तपासला. पाचांपैकी तारे वाईट आहेत असे कोणी म्हटले नाही. सातवीतील मुलगा तर त्यात मृग नक्षत्र शोधत बसला. मात्र तिघे जण मजकूर वाचताना मोबाईल डोळ्यांजवळ नेत होते. का? उत्तर मोजता येते. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे गुणोत्तर साध्या मजकुरासाठी किमान ४.५ असावे, अशी वेबच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची २००८ सालची सूचना आहे. काळ्यावर पिवळे अक्षर असेल तर हे गुणोत्तर १९ च्याही वर जाते, उत्तमच. पण पांढऱ्यावर पिवळे असेल तर ते जेमतेम १ भरते, म्हणजे अक्षर जवळपास दिसतच नाही. पांढरा तारा जिथे अक्षराच्या मागे येई तिथे काना किंवा मात्रा गळून पडे. दोष ताऱ्यांच्या असण्यात नव्हता, ते अक्षरांच्या मागे येण्यात होता. मजकुरामागे काळी सपाट चौकट टाकली, आणि तारे दोन्ही बाजूंना आनंदाने राहिले.

मी माझ्या आवडीपुरते बोललो असतो तर तारे काढायला लावले असते. अक्षरे वाचता आली असती, पण त्यांचे पान माझ्या पानासारखे झाले असते. अभिप्राय देणाऱ्याने अडथळा दाखवावा. आवड ज्याची त्याच्याकडे राहू द्यावी. या दोहोंतील भेद पाहणाऱ्याच्या हातावरून कळतो. हात अडला तर तो अडथळा. नुसते नाक मुरडले तर ती आवड.

गुण आणि शेरे

अभिप्राय हा तर आपला शिक्षकांचा रोजचा धंदा. वह्या तपासताना आपण तेच करतो. तेव्हा त्याविषयी काय ठाऊक आहे तेही पाहू. रूथ बटलर यांनी १९८८ साली इस्रायलमधील शाळकरी मुलांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. काही मुलांना केलेल्या कामावर फक्त शेरा दिला, काहींना फक्त गुण, काहींना दोन्ही. पुढच्या कामात आवड आणि कामगिरी सर्वांत चांगली दिसली ती फक्त शेरा मिळालेल्यांची. गुणांसोबत शेरा देऊन तो लाभ मिळाला नाही. गुण दिसला की मूल शेरा वाचण्याऐवजी आपण कितवे आहोत हे पाहते, असा त्याचा अर्थ लावता येतो.

१९९६ साली अव्राहम क्लुगर आणि अँजेलो डेनिसी यांनी अशा अभ्यासांतील ६०७ परिणाम एकत्र करून तपासले. सरासरीने अभिप्रायाचा फायदा होतो. पण एक तृतीयांशाहून अधिक वेळा अभिप्राय मिळाल्यावर कामगिरी खालावली होती. अभिप्रायामुळे लक्ष कामावरून उडून स्वतःकडे वळले की त्याचा उपयोग कमी होतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. म्हणजे ‘तू हुशार आहेस’ आणि ‘तुला जमत नाही’ ही दोन्ही वाक्ये एकाच जातीची. ‘छान आहे’ हे त्याच जातीचे. ते कामाविषयी काही सांगत नाही, फक्त करणाऱ्याला थोपटते.

आमच्या दहा-बारा जणांच्या अभिप्रायात कामाविषयी एकही वाक्य नव्हते. त्याऐवजी कोणी एवढे जरी लिहिले असते, की ‘मी पावसाच्या नोंदी शोधल्या, मला त्या दुसऱ्या प्रयत्नात सापडल्या’, तर तीन महिने वाचले असते. आणि मागणाऱ्याचाही थोडा दोष होता. ‘कसं वाटलं?’ या प्रश्नाला सभ्य माणसाकडे एकच उत्तर असते. ‘अमुक शोधून दाखवा’ याला मात्र सभ्यतेने उत्तर देता येत नाही. एक तर ते सापडते किंवा सापडत नाही.

दुसरी फेरी

दुरुस्त्या एका रविवारी झाल्या. ‘मेघमाला’च्या जागी ‘रोजचा पाऊस’ आले. स्नेह्यांना ते नाव सोडवेना, तेव्हा आतल्या पानाच्या मथळ्यात ते ठेवले. तिथे कोणाचीही वाट अडत नव्हती. तक्त्यातील तारखेचा रकाना जागेवर स्थिर केला. सर्वांत जास्त पावसाचा दिवस ठळक केला. मथळ्याची अक्षरे जवळ आली.

नंतर पाच नवी माणसे बसवली. पाचही जणांना तारीख सापडली, बहुतेकांना मिनिटाच्या आत. पण आधी झाकला गेलेला दोष आता वर आला. एका विद्यार्थ्याच्या आजीने आकडा वाचला आणि विचारले, “बासष्ट मिलिमीटर म्हणजे किती हो? विहिरीत किती पाणी आलं?” पहिल्या फेरीत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता, कारण तेव्हा आकड्यापर्यंत पोचताना सगळ्यांची दमछाक झाली होती. स्नेह्यांनी तक्त्याखाली दोन ओळी घातल्या: एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी, तुमच्या अंगणाचे क्षेत्रफळ मोजा आणि गुणाकार करा. वर्गात गेल्या कित्येक वर्षांत आपण हे इतक्या सरळपणे सांगितले नव्हते, असे त्यांनी मला नंतर सांगितले.

संकेतस्थळ बंद करण्याचा विषय पुन्हा निघालेला नाही. मुले मोठ्या संख्येने येऊ लागली असे मात्र मी लिहिणार नाही, काही येतात. नववीतील ती मुलगी आता दहावीत आहे. सकाळी आठ वाजता पर्जन्यमापकाची नोंद घेऊन ती स्वतःच संकेतस्थळावर भरते.

पहिल्या पानाच्या तळाशी पूर्वी एक ओळ असे: ‘आपला अभिप्राय अवश्य कळवा.’ ती बदलून त्यांनी असे लिहिले आहे: ‘इथे काय शोधत होता आणि काय सापडले नाही, ते कळवा.’ मी तिथे जाऊन लिहिले की मला मागच्या वर्षीचा जून सापडला नाही. तो खरोखरच तिथे नव्हता. दुसऱ्या दिवशी त्यांनी तो घातला.